एकटीचं टेबल : पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार

भाचीला मुंबईत येऊन चार महिने झाले. मूळची चिपळूणची, नोकरी परळच्या एका लॅबमध्ये, राहायला माहीमला तीन मुलींबरोबर पेइंग गेस्ट. आज जेवायला आली होती. सोलकढीचा दुसरा पेला भरता भरता सहज विचारलं, रात्रीचं काय खातेस गं? "मॅगी. नाहीतर पार्सल आणून खोलीत." रोज? तर म्हणाली, "मावशी, एकटीने हॉटेलात जाऊन बसायचं कसं? आत शिरलं की सगळे बघतात. ऑर्डर येईपर्यंत कुठे बघायचं तेच कळत नाही."

ती गेल्यावर भांडी घासताना तेच डोक्यात. तिच्या वयाची असताना मीही अशीच होते. माझी भीड मोडली ती जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवार कॅफेने. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट जागा, बाजूला म्युझियमची हिरवळ, आणि एका चहावर तासभर बसलं तरी कुणी हटकायचं नाही. १९६४ पासून चाललेलं समोवार मार्च २०१५ मध्ये बंद झालं. आज भाचीला कुठे घेऊन जाऊ म्हटलं, तर पहिलं नाव तेच आठवलं आणि ते उरलेलं नाही.

तर ठरवलं. सोळा पानी पुस्तिका करायची. वीस वर्षं प्रेसमध्ये अक्षरजुळणी करतेय. लोकांच्या लग्नपत्रिका लावल्या, मंडळांच्या स्मरणिका लावल्या, आता एक काम आपल्या मनाचं. मुंबईत एकट्या बाईने निवांत बसून कुठे खावं-प्यावं, एवढाच विषय. भाचीच्या खोलीतल्या मुलींना आणि दादरच्या ज्या वसतिगृहात मी सहा वर्षं काढली तिथल्या मुलींना वाटायची.

प्रत्येक ठिकाणी मी स्वतः, एकटीने, गर्दीच्या वेळी जाणार. चवीबद्दल लिहीनच. पण आधी हे बघणार की बसवलं कुठे, 'अजून कोणी येणार आहे का' हे कितीदा विचारलं, आणि शेवटचा घास गिळायच्या आत बिल येऊन पडलं का.

२४ मे, शनिवार

सुरुवात माटुंग्यापासून, कारण तिथे हरायची भीती नाही. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, स्टेशनसमोर, जिना चढून वर, १९४२ पासून. दुपारी एक वाजता गेले. दारातल्या माणसाने भुवया उंचावून विचारलं, मी एक बोट दाखवलं, त्याने लगेच हात केला, "एक? या, या." माझ्या आधीपासून उभं असलेलं पाच जणांचं कुटुंब मागे राहिलं आणि मी आत.

टेबलावर तीन माणसं आधीच जेवत होती, तिघं तीन घरची. कुणी मान वर केली नाही. केळीचं पान आलं, पाणी शिंपडून तळव्याने पुसलं, तोवर डाव्या कोपऱ्यात मीठ-लोणचं पडलंही. मग जो भात-रसमचा मारा सुरू होतो, त्यात माणसाला 'कुठे बघू' हा प्रश्नच उरत नाही. वाढपी दर दोन मिनिटांनी येतो, त्याला 'बस' म्हणायला विसरलात तर पान पुन्हा भरतं. समोरच्या आजोबांनी माझा पापड संपलेला बघून न बोलता त्यांचा एक पापड माझ्या पानावर ठेवला आणि पुन्हा जेवायला लागले.

मला इथे एक गोष्ट लख्ख दिसली, ती पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घालणार. जिथे टेबल शेअर करतात तिथे एकटं माणूस मालकाला हवं असतं. चारच्या टेबलावर तिघं बसले की चौथी खुर्ची वाया जाते. ती भरायला एकटंच गिऱ्हाईक लागतं. जिथे टेबल शेअर करत नाहीत तिथे एकटं माणूस दोघांची जागा अडवतं, म्हणून नकोसं होतं. वागणुकीतला अर्धा फरक इथूनच येतो. तेव्हा नव्या मुलीने हॉटेलाच्या पाटीकडे बघण्याआधी आत डोकावून बघावं की अनोळखी माणसं एका टेबलावर बसलीत का. बसली असतील तर बिनधास्त शिरावं.

राम आश्रय आणि कॅफे मद्रास दोन्ही माटुंग्यातलीच, दोन्ही नावाजलेली. पण रविवारी सकाळची तिथली रांग बघून बावरलेली मुलगी परत फिरेल, म्हणून 'आठवड्यातल्या दिवशी सकाळी लवकर' अशी सूचना घालतेय. राम आश्रयचा अननस शिरा आणि त्यावर फिल्टर कॉफी. यावर मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस मुंबईत पोचला, ७५ वर्षांत सगळ्यात लवकर म्हणतायत. लोकल रखडल्या, वरळीचं भुयारी मेट्रो स्टेशन उघडून महिना व्हायच्या आत पाण्यात गेलं. प्रेसमधून निघून परळच्या एका साध्या उडुप्याकडे शिरले ते अडकलेच. एक मसाला डोसा आणि तीन कॉफ्या, मिळून अडीच तास. ओली छत्री पायाशी ठेवली होती, पोऱ्याने ती उचलून दाराशी बादलीत उभी केली आणि टेबलाखाली पुठ्ठा टाकून गेला. उठा म्हणून कुणी सुचवलंसुद्धा नाही. नाव नोंदवून घेतलं, दुसरी फेरी कोरड्या दिवशी.

३१ मे, शनिवार

मिसळ. ठाकूरद्वारचं विनय हेल्थ होम आणि दादरला शिवसेना भवनासमोरचं आस्वाद. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधल्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हापासून परगावची माणसं पत्ता विचारत येतात. दोन्ही चांगल्या. मी गिरगावची, मत विनयच्या बाजूने. पण भाचीला दादर जवळ, तिने आस्वादला जावं.

मिसळ हे मात्र बसायचं खाणं नव्हे. रस्सा गरम, पाव मऊ आहे तोवर दहा मिनिटांत संपवायचं आणि उठायचं. जिला पहिल्यांदा एकटीने हॉटेलात शिरायचंय तिच्यासाठी म्हणूनच ती उत्तम. भीती वाटेपर्यंत खाणं संपलेलं असतं.

१४ जून, शनिवार

इराणी हॉटेलांवर दोन पानं. जास्त झाली तरी चालतील.

सकाळी साडेआठला मेट्रो सिनेमासमोरचं कयानी, १९०४ चं. लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ, त्यावर काच, गल्ल्याशेजारी बरण्यांत खारी आणि बिस्किटं. मी दाराकडे तोंड करून बसले. बन मस्का, चहा, मावा केक. शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई ब्रून पाव चहात बुडवून खात होत्या. ब्रूनचं कवच इतकं टणक की आधी दोन्ही हातांनी मोडायचा, मग तुकडा चहात उभा धरायचा, मऊ पडला की पडायच्या आत तोंडात. दर वेळी त्या खाली वाकून बशी जवळ ओढायच्या. वीस मिनिटं त्यांचं तेवढंच चाललं होतं. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्यांनाही कुणाकडे बघायचं नव्हतं. भाचीला हेच दाखवायचंय.

ग्रँट रोडच्या बी. मेरवानला मावा केकसाठी सकाळी लवकरच गेलं पाहिजे. २०१४ मध्ये ते बंद होणार म्हणून मी प्रेसमधून हाफ डे टाकून निरोपाचे केक आणले होते. नंतर ते पुन्हा उघडलं. १९१४ चं दुकान, तेव्हा बरोबर शंभर वर्षांचं होतं.

इराण्यांबद्दल मनात एक काळजी आहे. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यावं, असं उच्च न्यायालयाने जानेवारीत सांगितलंय. मुदत पुढच्या महिन्यात भरते. हवा इतकी वाईट झालीय की कारण पटतं. माझ्याच बहिणीला दमा आहे. पण लाकडाच्या भट्टीतल्या ब्रूनला ते कवच येतं ते भट्टीच्या कोरड्या आचेने, आणि गॅसवर किंवा विजेवर ते तसंच जमवायचं तर कारागिराला नव्याने हात बसवावा लागेल. खर्चही छोट्या बेकरीला झेपायचा नाही. महापालिकेने नुसत्या नोटिसा न देता भट्टी बदलायला पैसे आणि माणूस द्यावा, असं माझं मत आहे. पुस्तिकेत हे घालायचं नाही; इथे लिहून ठेवते.

ब्रिटानियाला बुधवारी दुपारी जाऊन आले होते. बॅलार्ड इस्टेट, १९२३, दुपारच्या जेवणापुरतंच उघडं. बेरी पुलावातल्या बेरी इराणच्या, आंबटगोड, दाताखाली आल्या की भाताची चव पालटते. मालक बोमन कोहिनूर शेठ २०१९ मध्ये गेले. नव्वदी उलटलेली असताना ते टेबलाटेबलावर जाऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे. मी एकटी गेले होते तेव्हा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले होते आणि पुलावाबरोबर रास्पबेरी सोडा घ्यायलाच लावलं होतं. एकट्या गिऱ्हाइकाला पाहुणा कसं करायचं, हे मी त्यांच्याकडे पाहिलं.

२० जून, शुक्रवार

आजचं लिहायला जड जातंय.

लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारातला पब. नाव लिहिणार नाही. दारावर विचारलं, "मॅम, किती जण?" एक. "अजून कोणी जॉइन करणार आहे?" नाही. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. बारा टेबलं रिकामी होती, मी मोजली. मला बसवलं ते स्वच्छतागृहाच्या दाराला लागून असलेल्या उंच स्टुलावर. खिडकीजवळ चालेल का म्हटलं तर ते दोघांसाठी आहे म्हणाला. मी बिअर मागवली, अर्धी प्यायले, तेवढ्यात तोच प्रश्न दुसऱ्याने येऊन विचारला, कोणी येणार आहे का. बिल देऊन उठले. निघताना मॅनेजरला थांबवून सांगितलं की बारा टेबलं रिकामी असताना तुम्ही मला संडासाच्या दारात बसवलंत. तो सॉरी म्हणाला. पुढचं मला माहीत नाही.

मी त्रेचाळीस वर्षांची, पंधरा मिनिटांत मला कानकोंडं झालं. तेवीस वर्षांची मुलगी आयुष्यात पुन्हा एकटी बाहेर जेवायला जाणार नाही.

घरी येऊन 'कुठे जाऊ नये' असं एक पान लावायला घेतलं होतं. अर्ध्यावर पुसलं. त्या पानाने मुलींच्या मनात भीतीच भरेल, आणि जागा पाच महिन्यांत नाव बदलून दुसरीच होते. त्याऐवजी दोन ओळी ठेवल्या: न आवडलेली जागा बदलून मागा. देत नसतील तर ऑर्डर द्यायच्या आधी उठा, पाण्याचे पैसे लागत नाहीत.

२८ जून, शनिवार

परमिट रूमचं पान करू की नको, यावर आठवडा घातला. ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोनवर विरोध. "तू तिला दारूच्या गुत्त्यावर पाठवणार का गं?" मी म्हटलं, ताई, ती पाठवल्याने जाणार नाही आणि अडवल्याने थांबणार नाही, जायचंच ठरवलं तर नीट जागी जावं एवढंच बघतेय. ताई गप्प झाली. पटलं असं नाही.

जायच्या आधी कायद्याचं चौकटीत टाकलं. परमिट रूम हे नाव १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलं. दारू प्यायला कागदोपत्री आजही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बिअर आणि वाइनला वय २१ पूर्ण, बाकी दारूला २५. भाची २३ ची आहे.

प्रेसच्या मागच्या गल्लीतलं जुनं परमिट रूम. खाली पुरुषच पुरुष, टीव्हीवर क्रिकेट. वेटर पन्नाशीचा, मला बघून म्हणाला, "ताई, वर फॅमिली रूम आहे, एसी." वर गेले तर एकही माणूस नाही, ट्यूबलाइट फडफडतेय, आणि दार आपोआप बंद होणारं. मला तिथे खालच्यापेक्षा जास्त धाकधूक झाली. परत खाली आले, गल्ल्याला लागून असलेलं टेबल मागितलं. त्याने टेबल पुसलं, शेजारच्या टेबलावरच्याला सिगरेट बाहेर जाऊन ओढायला सांगितलं, आणि बिअरची बाटली माझ्यासमोर आणून माझ्यासमोर उघडली.

चखणा म्हणून उकडलेले शेंगदाणे आले. वाफ निघतेय, वर बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू पिळलेलं. टरफलासकट उकडलेले होते. एकेक शेंग दाबून फोडायची, आतलं खारट पाणी बोटांवर येतं, दाणे मऊ. त्या कामात चाळीस मिनिटं गेली. पहिली पाच मिनिटं लोक बघत होते, खोटं का बोला. मग विकेट पडली आणि विसरले.

पुस्तिकेत लिहिलं ते असं: रिकाम्या फॅमिली रूमपेक्षा गल्ल्याजवळचं टेबल सुरक्षित, कारण मालकाची नजर तिथे असते. बाटली टेबलावर उघडायला सांगावी. पेला सोडून उठू नये. उठलंच तर परत आल्यावर त्यातलं पिऊ नये.

३ जुलै, गुरुवार

कुलाब्याचं कॅफे मोंडेगर. भिंतभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, एकेका चौकोनात पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाचं काही ना काही चाललेलं. भाचीच्या 'कुठे बघायचं' या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मुंबईत दुसरीकडे नाही. बिअरचा एक मग संपेपर्यंत मी एकच भिंत बघितली.

६ जुलै, रविवार

आषाढी. ड्राय डे, बार बंद, दादरला उपवासाच्या खाण्याची झुंबड. गेल्या आठवड्यात तिथल्या प्रकाश उपाहारगृहात जाऊन आले ते बरं झालं. साबुदाणा वडा बाहेरून कुरकुरीत, आत चिकट नाही तरी ओलसर, आणि नंतर पीयूष. तिथेही अनोळखी माणसं एकाच टेबलाला, म्हणजे पहिल्या पानावरची कसोटी पास. आज काही लावलं नाही, विठ्ठलाला नमस्कार करून वऱ्याचे तांदूळ खाल्ले.

१४ जुलै, सोमवार

आज राज्यभर बार आणि परमिट रूम बंद. बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांचा १० केला, परवाना शुल्क वाढवलं, वर उत्पादन शुल्क ६० टक्क्यांनी चढवलं, म्हणून हॉटेल-बारमालकांच्या 'आहार' संघटनेचा बंद. गल्लीतल्या परमिट रूमचं शटर अर्धं वर होतं, तो वेटर आत खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवून फरशी धूत होता. मला ओळखलं. म्हणाला, "ताई, पब चालतील हो, पैसेवाल्यांचे आहेत. आमच्याकडे क्वार्टर महाग झाली की गिऱ्हाईक वाइन शॉपवरून घेतं आणि कोपऱ्यावर उभं राहून पितं." त्याचं म्हणणं मला खरं वाटतं. भाचीसारखीला परवडेल अशी जागा पबपेक्षा हीच आहे, आणि तीच आधी बंद पडणार.

किमती पुस्तिकेतून सगळ्या काढल्या. छापून येईपर्यंत खोट्या ठरतील.

२३ जुलै, बुधवार

उद्या गटारी, परवापासून श्रावण. मालवणी हॉटेलांतून आज उभं राहायला जागा नसणार हे माहीत असून भाचीला म्हटलं, आजच जा. एकटी. माहीमपासून जवळचं ठिकाण तिनेच शोधलं.

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, मोठ्या बोटी समुद्रात जात नाहीत. अशा दिवसांत सुरमई-पापलेट मागितलं की बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं येतं, म्हणून तिला सांगितलं होतं, खाडीतलं काय आहे ते विचार.

रात्री दहाला तिचा आवाज निरोप आला, चार मिनिटांचा. मागे भांड्यांचा खणखणाट. "मावशी, चिंबोऱ्यांचा रस्सा घेतला. मला एका काकूंच्या समोर बसवलं, त्या पण एकट्या. नांगी फुटेना, मी दातांनी प्रयत्न करत होते, तर त्या म्हणाल्या, बाय माझे, दात पाडून घेशील, आणि वाटीच्या बुडाने ठोकून दाखवली. मग आम्ही दोघी ठोकतच बसलो. सव्वा तास! दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. मोबाइल काढताच आला नाही गं."

हे मला इतकी वर्षं खाऊन सुचलं नव्हतं. काट्याचा मासा, चिंबोरी, शेंगा: हातांना आणि डोळ्यांना काम देणारं खाणं मागवावं. पान नव्याने लावलं.

३ ऑगस्ट, रविवार

प्रुफं भाचीने तपासली. तीन ऱ्हस्व-दीर्घ, 'माटुंगा' एका ठिकाणी 'माटूंगा'. नारळी पौर्णिमेनंतर मासळीचं पान भरून काढू, आत्ता अर्धं कोरं ठेवलंय, मुली स्वतः लिहितील.

आठव्या पानावर मी सूचना घातली होती, 'पहिल्यांदा जाताना पर्समध्ये एखादं पुस्तक असू द्यावं.' तिने ती लाल पेनाने खोडली, समासात लिहिलं, 'गरज नाही. काकूंशी बोलता येणार नाही मग.'

दुरुस्ती घेतली. दोनशे प्रती, आतला कागद सत्तर जीएसएम, मुखपृष्ठ एका रंगात. उद्या फाइल छपाईला देणार.